रायफलीखाली बारा बोर जोडायचं राहू दे, आधी माळ्यावरच्या बंदुकीचं बघ

किनवट तालुक्यातल्या एका पोराचं पत्र आलंय. नाव-गाव मुद्दाम टाकत नाही, कारण वाचल्यावर कळंल. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: "काका, वडिलांकडं ३१५ बोरची लायसनची रायफल आहे. आजोबांची एकनळी बारा बोर पण घरात आहे, आजोबा २०२१ ला वारले तेव्हापासून माळ्यावर पडून आहे. शेत जंगलाला लागून, डुकरं आणि रोही (नीलगाय) सोयाबीन काही ठेवत नाहीत. मोबाईलवर व्हिडिओ बघितला, रायफलीच्या नळीखाली छोटी शॉटगन लावलेली, लांबच्याला रायफल आणि जवळच्याला छर्रा. नांदेडला एक फॅब्रिकेशनवाला म्हणतो बारा बोरची नळी कापून क्लॅम्पनं बसवून देतो, पंधराशे ॲडव्हान्स दिलेत. हे कायद्यात बसतं का? आणि वापरायला काही अडचण?"

लेकरा, पुढचं सगळं वाचायच्या आधी त्या माणसाला फोन लाव आणि सांग काम करायचं नाही. बंदूक माळ्यावर आहे म्हणतोस म्हणजे अजून त्याच्या हातात गेली नाही असं धरून चालतो, आणि तसं असंल तर तू अजून वाचलेला आहेस. नळीला एकदा कटर लागलं की मग मी काय आणि वकील काय, कुणाचंच फार चालत नाही.

तू इचारलंस क्लॅम्पचं, पण तुझ्या पत्रातली माझ्या काळजात बसलेली ओळ दुसरीच आहे. आजोबा २०२१ ला गेले आणि बंदूक तेव्हापासून माळ्यावर. अरे बाबा, लायसन माणसाच्या नावावर असतंय, घराच्या नावावर नसतंय. आजोबा गेले त्या दिवशी त्यांचं लायसन संपलं आणि त्या दिवसापासून ती बंदूक तुमच्या घरात बिनलायसनची आहे. मग ती गंजलेली असो, कपड्यात गुंडाळलेली असो नाहीतर आजोबांची आठवण म्हणून ठेवलेली असो, कायद्याला काही फरक पडत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा, त्यातलं कलम २१ सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण उशीर न करता शस्त्र आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर लायसनवाल्या डीलरकडं जमा करायची. धारक मेला तर ही जबाबदारी वारसाची, म्हणजे तुमचीच. जमा केली नाही तर कलम २५ लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा कमीत कमी २ वर्षं, जास्तीत जास्त ५. आधी १ ते ३ होती. आमच्या भागात किती घरात अशा बंदुका माळ्यावर, धान्याच्या कोठीमागं, देवघराच्या वरच्या फळीवर पडून आहेत हे मला माहितंय, आणि ठेवणारे बहुतेक सरळ माणसं असतात, कुणी सांगितलंच नाही म्हणून राहिलेलं असतंय. म्हणून एवढं तळमळून लिहितोय.

आता हे निस्तरायचं कसं ते सांगतो, आणि इथं घाई करू नको. बंदूक पिशवीत घालून मोटारसायकलवर ठाण्यात न्यायची नाही, रस्त्यात नाकाबंदीला सापडलास तर तू जमा करायला निघालावतास हे कोण ऐकणार? आधी तालुक्याच्या कोर्टातला एखादा वकील गाठ, फौजदारीची कामं करणारा. त्याच्या सल्ल्यानं ठाणे अंमलदाराला लेखी अर्ज दे, त्यात आजोबांचं नाव, लायसन नंबर, बंदुकीचा नंबर (लायसनच्या पुस्तकात लिहिलेला), मृत्यूची तारीख, उशीर का झाला ते खरं खरं, आणि जमा करायची आहे, कशी आणायची ते सांगावं असं लिही. मृत्यूचा दाखला आणि आजोबांचं लायसनचं पुस्तक सोबत जोड. अर्जाची पोच घे, शिक्का आणि तारीख असलेली, ती पोच जपून ठेव. काडतुसं असतील तर ती मोजून अर्जात लिही, चार असोत का चाळीस, लपवू नको. बंदुकीला हात लावू नको, साफ करायला जाऊ नको, भरलेली आहे का बघायला तर अजिबात जाऊ नको. पाच वर्षांनी माळ्यावरून काढलेल्या बंदुकीत काडतूस राहिलेलं मी स्वतःच्या डोळ्यानं बघितलंय.

आता कापाकापीचं. त्याच कायद्याचं कलम ६ आहे, बंदुकीची नळी लायसनशिवाय आखूड करायची नाही, आणि २०१९ नंतर त्यात हे पण आलं की एका प्रकारचं शस्त्र दुसऱ्या प्रकारात बदलायचं नाही. लायसनच्या कलम १३ मध्ये गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी २० इंचाची रेषा आखलेली आहे, संरक्षणासाठी नाहीतर शिकारखेळासाठी मिळते ती २० इंचापेक्षा कमी नसलेल्या नळीची. तुझा फॅब्रिकेशनवाला रायफलीखाली बसवायला ती दहा-बारा इंचावर आणणार, म्हणजे बंदुकीचं जातकुळच बदलतंय. ह्याला शिक्षा ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. परत वाच. ७ वर्षांपासून. तो म्हणत असंल की मी फक्त वेल्डिंग करतो, तर त्याला कलम ५ सांग, शस्त्र बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं, तपासून देणं ह्या सगळ्याला लायसन लागतं आणि लेथ मशीन असणं म्हणजे लायसन नव्हं. त्याला पण तेवढीच शिक्षा आहे. तुला नको म्हणायला लाज वाटत असंल तर त्याच्या लेकराबाळांसाठी तरी नको म्हण.

तू म्हणशील नळी कापतच नाही, अख्खी बंदूक तशीच बांधतो. मग माझा साधा प्रश्न, आजोबांची एकनळी भरतात कशी? खटका दाबून नळी मधून मोडायची, खाली झुकवायची, काडतूस घालायचं, परत बंद करायची. आता ती रायफलीच्या पोटाला क्लॅम्पनं आवळून बांधल्यावर मोडणार कुठून? हे मला वाटतं त्या फॅब्रिकेशनवाल्यानं पण इचार केला नसंल, त्यानं आयुष्यात पाण्याच्या टाक्या आणि शटरं केलेली.

व्हिडिओत जे दिसतंय ते काय आहे ते पण ऐक, म्हणजे डोक्यातून जाईल. अमेरिकेत १९८० च्या दशकात नाईट्स आर्मामेंट नावाच्या कंपनीनं रेमिंग्टन ८७० ही पंप ॲक्शन बारा बोर आखूड करून एम-१६ रायफलीच्या नळीखाली बसवली, तिला मास्टरकी म्हणायचे. किल्ली का, तर तिचं मुख्य काम दाराचं कुलूप आणि बिजागरी उडवायचं होतं, कमांडो घरात घुसतात तेव्हा. शिकारीसाठी ती नव्हतीच. नंतर त्यांच्या सैन्यानं एम-२६ आणली, ती पण बारा बोर, ५ काडतुसांचं मॅगझिन, बोल्ट हातानं मागं ओढायचा. तिचं वजन सव्वा किलोच्या आसपास. दोन्हीत भरणं पंपानं नाहीतर बोल्टनं होतं, मोडायची गरज नाही, म्हणून नळीखाली बसते. आणि ही चालवणारा माणूस एम-१६ चं लांब खाली आलेलं मॅगझिन मुठीत धरून खालच्या बंदुकीचा चाप ओढतो. तुमच्या ३१५ ला मुठीत मावेल असं मॅगझिन आहे का? बघ उचलून, म्हणजे वडिलांना उचलायला सांग.

आणि अमेरिकेत सगळं मोकळं आहे असं समजू नको. तिथं १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आहे, शॉटगनची नळी १८ इंचापेक्षा कमी असली का वेगळी सरकारी नोंदणी लागते, रायफलीला तीच मर्यादा १६ इंच. नोंद नसली का तिथं पण फेडरल गुन्हा. काहीजण रायफलीखाली पिस्तूल टांगायचा इचार करतात, त्यांना तिथलेच वकील सांगतात की पिस्तुलाला दस्ता मिळाला का ते आखूड नळीची रायफल ठरू शकतं. म्हणजे व्हिडिओत तीस सेकंदात जे दिसतंय त्याच्यामागं कागदांचा गठ्ठा असतो, तो कुणी दाखवत नाही.

नळीखाली ग्रेनेड लाँचर असतो तो तर वेगळाच विषय. व्हिएतनामच्या काळातला अमेरिकेचा एम-२०३, रशियाचा जीपी-२५, आणि आपला पण आहे, पुण्यात पाषाणला एआरडीई आहे, डीआरडीओ ह्या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची शस्त्रांची प्रयोगशाळा, तिथं ४० मिलिमीटरचा तयार केला, इन्सास आणि एके ह्या सैन्याच्या रायफलींना बसणारा. ही सैन्याची चीज, आपल्याकडं नागरिकाला स्वप्नात पण नाही. कलम ७ प्रमाणं प्रतिबंधित शस्त्र बाळगलं तर ७ ते १४ वर्षं. तू हे इचारलं नाहीस, पण एका व्हिडिओनंतर मोबाईल दुसरा दाखवतो म्हणून सांगून ठेवलं.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. मी पोलीस मुख्यालयाच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या कोठारात, बावीस वर्षं आर्मोरर म्हणून, म्हणजे शस्त्रं तपासणारा-दुरुस्त करणारा म्हणून काढलीत. निवडणूक लागली की लायसनची शस्त्रं जमा होतात, तुमच्या वडिलांनी पण केली असणार. एका निवडणुकीत एक बारा बोर आली, नळीच्या खालच्या बाजूला लोखंडी पट्टीचा तुकडा वेल्ड केलेला, टॉर्च का काय अडकवायला. वरून निळं पॉलिश मारून झाकलेलं. बोटानं चाचपलं तर तिथं थोडा उंचवटा लागला. मग बंदूक मोडली, रिकामी असल्याची खात्री केली आणि नळी खिडकीच्या उजेडाकडं धरून आतून बघितलं. चांगल्या नळीत आत चकचकीत गोल गोल कड्या दिसतात, एकात एक, पार टोकापर्यंत. ह्या नळीत वेल्डच्या जागी एक काळी कडी होती, सावलीसारखी. म्हणजे नळी आतून फुगली होती. वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथलं पोलाद मऊ पडलेलं आणि प्रत्येक बार उडाला की ते थोडं थोडं ताणत गेलेलं. मालकाला बोलावून तीच कडी दाखवली, तर तो म्हणला मागच्या महिन्यातच पोराच्या हातात दिली होती. मला अजून ती कडी डोळे मिटले की दिसते. पुढचा नाहीतर त्याच्या पुढचा बार, कधीतरी ती नळी फाटणार होती आणि डावा हात नेमका तिथंच असतो.

कारखान्यात नळी नुसती बनवून बाहेर देत नाहीत, नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासतात आणि मग शिक्का मारतात. तू कापलीस, भोक पाडलंस, डाग दिलास की त्या शिक्क्याला काही अर्थ राहत नाही.

मग वजन. ३१५ मुळातच जड, तिच्या पुढच्या अंगाला दीड-दोन किलो लटकवलं की पहिली पाच मिनिटं भारी वाटंल, मग डावा हात थरथरायला लागतो आणि माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, निशाण्यावर थांबतच नाही. अमेरिकेनं स्वतः रायफल आणि २० मिलिमीटरचा लाँचर एकाच शस्त्रात घालायचा मोठा प्रयोग केला, एक्सएम-२९ नावाचा. भरल्यावर आठ किलोच्या आसपास गेलं आणि शेवटी गुंडाळावं लागलं. पैसा आणि इंजिनिअर कमी नव्हते त्यांच्याकडं.

निशाण्याचं तर इचारूच नको. नळीला काही टांगलं की गोळी उडताना नळी जशी थरथरते तो थरथराटच बदलतो, काल शंभर मीटरवर जिथं लागत होती तिथं आज लागत नाही. आणि छर्रा पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढं पांगतो, ३१५ ची गोळी किलोमीटरच्या पलीकडं जाती. दोन्हीला एकच माशी कशी चालंल? त्यात बारा बोरचा दणका, प्रत्येक बार उडाला की क्लॅम्प मागं सरकणार, लाकडी दस्त्याला पाडलेल्या भोकातून चीर जाणार.

पण मला सगळ्यात भीती वाटते ती दोन चापांची. अंधार, डुक्कर अंगावर येतंय, छातीत धडधड, आणि बोटाखाली दोन चाप. घाबरलेलं बोट नेहमी सवयीच्या चापावर जातं. छर्रा मारायचा म्हणून रायफल उडली तर ती गोळी डुकराच्या पलीकडं कुठं गेली? आपल्याकडं शेतीची लाईट रात्रीची. दोन एकर सोडून कुणीतरी बॅटरी घेऊन दंडावर पाणी देत उभा असतो. तुझाच चुलता असंल. घरी आल्यावर पण तेच, रायफल रिकामी केली, बोल्ट उघडून बघितला, निर्धास्त झालास आणि खालच्या नळीत काडतूस तसंच. आमच्या कोतमध्ये एक नळी असताना दोनदा बघायचा नियम होता, डोळ्यानं आणि मग करंगळीनं, तरी माणसं चुकायची.

एकात दोन शस्त्रं ही कल्पना जुनीच आहे, वाईट नाही. १८५६ च्या सुमाराला न्यू ऑर्लिन्सच्या लेमॅट नावाच्या माणसानं ९ गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरच्या मधोमध छर्र्याची नळी घातली होती, आणि जर्मनीत तीन नळ्यांच्या शिकारी बंदुका, ड्रिलिंग म्हणतात, अजून बनतात, दोन छर्र्याच्या एक गोळीची. पण ती पहिल्यापासून तशीच घडवलेली, तशीच तपासलेली. बाजारातली पट्टी आणि नटबोल्टनं होणारं काम ते नव्हं.

आता तुझं खरं दुखणं, डुकरं आणि रोही. इथं अजून एक गाठ आहे. दोन्ही प्राणी वन्यजीव कायद्यात येतात, २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. घरात लायसनची रायफल आहे म्हणजे डुक्कर मारायची परवानगी आहे असं नव्हं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते, त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज दे. बिनपरवानगी मारलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, आणि वडिलांचं लायसन जातं ते वेगळंच. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढ आणि वनखात्याला कळव, पंचनामा करून भरपाई मिळते, कमी मिळते, उशिरा मिळते, हे मला माहितंय, माझ्या भावाची तूर अशीच गेली. तरी अर्ज सोडू नको, कारण पुढं परवानगी मागताना हेच पंचनामे कामाला येतात. झटका मशीनचं सौर कुंपण दोघा-तिघांनी मिळून करता येतं का बघा. तारेत डायरेक्ट लाईनचा करंट मात्र कुणी म्हणलं तरी सोडू नका, त्यात डुकरापेक्षा माणसं आणि बैल जास्त गेलेत.

आणि रायफल वडिलांची आहे, तुझी नाही. त्यांच्या माघारी ती घेऊन तू रात्री शेतात जायचं नाही, पत्रात "मी मारतो" असं दोन ठिकाणी लिहिलंयस म्हणून बोललो. फोटो, रील तर नकोच. २०२५ च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यात लायसनची छाननी झाली तेव्हा बऱ्याच जणांची लायसन गेली, हे सगळ्या मराठवाड्यानं बघितलंय.

आजोबांची बंदूक घराण्यात राहावी असं तुला वाटत असणार, ते ओळीओळीत दिसतंय. त्याला रस्ता आहे. २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन होती. वडिलांकडं एकच रायफल आहे, म्हणजे एक जागा मोकळी. बंदूक जमा झाली की वडिलांनी जिल्हाधिकारी कार्यालयात वारस म्हणून अर्ज करायचा, की ही बारा बोर माझ्या लायसनवर चढवा, सोबत बाकीच्या वारसांची संमती, आत्याची पण सही घे, तीच सही राहून अर्ज महिनोन् महिने पडून राहतात. पोलिसांचा अहवाल जातो, मग निर्णय. नाही मिळालं तरी कलम १८ खाली अपील आहे, आणि तेही नको वाटलं तर लायसन असलेल्या माणसाला नाहीतर डीलरला विकता येते. मिळाली तर जवळच्या जनावरासाठी बारा बोर आणि लांबच्यासाठी रायफल, दोन्ही घरात असतील, वेगवेगळ्या, आणि वडिलांच्या पुस्तकात दोन्हीचे नंबर लिहिलेले असतील. नळी अख्खी असली तरच हं. कापलेल्या नळीला कोणतंच ऑफिस चढवून घेत नाही.

पंधराशे रुपये परत मागायला जाऊ नको, गेले समज. त्या माणसाशी मेसेजवर बंदुकीबद्दल काही बोलणं झालं असंल तर ते पुसू नको, वकिलाला दाखव. सोमवारी वकिलाकडं जाताना वडिलांना सोबत ने, आणि आजोबांच्या लायसनचं पुस्तक सापडत नसंल तर त्यांच्या जुन्या ट्रंकेत सातबाराच्या कागदात बघ, आमच्या भागातली म्हातारी माणसं तिथंच ठेवायची.